सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी

भारताचा प्राकृतिक नकाशा वर्गात टांगला की एक प्रश्न हमखास निघतो. गोदावरी, कृष्णा, कावेरी, महानदी या द्वीपकल्पावरच्या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. मग नर्मदा आणि तापी पश्चिमेकडे का? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका ओळीत असते : या नद्या खचदरीतून वाहतात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

चारशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराचा पाणीपुरवठा या खचदरीच्या रचनेवर उभा राहिला होता. आज रावेर-यावलच्या केळीच्या बागा जगतात त्याही तिच्याच आधाराने. त्या शहराची आणि या बागांची पाणी घेण्याची रीत मात्र अगदी वेगळी आहे. हा फरक समजून घ्यायचा तर इतिहास आणि भूगोल ही दोन्ही पुस्तके एकदम उघडावी लागतील.

खचलेली जमीन, भरलेला गाळ

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि त्यातून आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. नंतरच्या काळात आजच्या नर्मदा-तापीच्या पट्ट्यात भूकवचाला पूर्व-पश्चिम लांबच लांब भेगा पडल्या. या भेगांना अनुसरून काही भाग वर उचलला गेला आणि काही खाली बसला. वर राहिला तो सातपुडा. त्याच्या दक्षिणेला जमीन खचली, तिथे तापीची आणि तिला मिळणाऱ्या पूर्णेची दरी झाली. सातपुड्याची दक्षिण कड नकाशावर पाहिली, तर कितीतरी अंतर ती पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. नुसत्या झिजेने डोंगराची कड इतकी सरळ होत नाही.

ही भेग पुरती निजलेली नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. चोपडा तालुक्यात उनपदेवला डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. खोल गेलेले पाणी तापून भेगांच्या वाटेने वर येते, त्याची ही खूण.

खचलेला खड्डा रिकामा राहत नाही. सातपुड्यावरून उतरणारे ओढे आणि नद्या गेली लाखो वर्षे त्यात दगड, वाळू आणि माती आणून टाकत आल्या आहेत. इतर दख्खनमध्ये नदीकाठचा गाळ दहा-वीस मीटर खणला की बहुधा कातळ लागतो. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी तो शेकडो मीटर खोल आहे. महाराष्ट्रात गाळाचा इतका जाड साठा दुसरीकडे सापडत नाही.

पण हा गाळ सगळीकडे सारखा नाही, आणि पुढची सारी कथा या फरकाची आहे. डोंगरातून वेगाने येणारी नदी सपाटीवर आली की तिचा वेग एकदम कमी होतो. जड ओझे ती लगेच खाली ठेवते. म्हणून पायथ्याशी दगडगोटे आणि भरड वाळू यांचा पंख्यासारखा पसरलेला ढीग साठतो. शेजारशेजारच्या ओढ्यांचे असे पंखे एकमेकांत मिसळून डोंगराला समांतर असा एक पट्टा तयार होतो. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे आणि त्याचा अर्थ उतार. या पट्ट्याच्या खाली, नदीच्या बाजूला, बारीक वाळू आणि माती येते. आणि पाणी जिथे अगदी संथ होते तिथे चिकणमाती बसते.

तीन तऱ्हांचे भूजल

आता या जमिनीवर पाऊस पडला तर काय होईल ते पाहू.

खोऱ्याच्या दक्षिण भागात गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या वरच्या अंगाला कातळ जमिनीलगत आहे. तिथे पाणी साठते ते मुरमात आणि कातळाच्या फटींत. जागा थोडी, त्यामुळे विहीर पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात तळ दाखवते. या भागातल्या शेतकऱ्यांनी भूजलापेक्षा वाहत्या पाण्यावर भिस्त ठेवली. पांझरा आणि मोसम या नद्यांवर लहान बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची फड पद्धत इथे शतकानुशतके चालत आली. फड म्हणजे शेतांचा एक गट. एका फडात एका वेळी एकच पीक घ्यायचे आणि पाणी ठरलेल्या पाळीने, पाटकऱ्याच्या हातून घ्यायचे, असा तिचा शिरस्ता.

पूर्वेला पूर्णेच्या काठी, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, गाळ जाड आहे पण त्यात चिकणमाती फार. उतार अगदी कमी. पाणी मुरते हळू आणि पुढे सरकते त्याहून हळू. क्षार धुऊन जात नाहीत, साठत राहतात. हाच खारपाण पट्टा. अकोल्याच्या उत्तरेला दहिहांड्याच्या बाजूला एके काळी विहिरींतल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढत असत. म्हणजे पायाखाली पाणी आहे, पण ते पिता येत नाही आणि पिकाला देता येत नाही, अशी तिथली स्थिती.

तिसरी तऱ्हा सातपुड्याच्या पायथ्याची. बुऱ्हाणपूरकडून रावेर, यावल, चोपडा असा पश्चिमेकडे जाणारा हा दगडगोट्यांचा पट्टा काही किलोमीटर रुंद आहे. इथे पाणी चाळणीतून जावे तसे खाली जाते. डोंगरात वाहता दिसणारा ओढा पावसाळा सरल्यावर पायथ्याशी आला की थोड्याच अंतरात नाहीसा होतो. पात्र कोरडे, पण पाणी गेले कुठे? ते पात्राखालून, जमिनीच्या उतारानेच, नदीकडे सावकाश निघालेले असते. सगळ्या खोऱ्यात पावसाचे पाणी पोटात घेणारी याहून चांगली जागा नाही.

या तिसऱ्या तऱ्हेच्या पाण्याचा शहरासाठी पद्धतशीर उपयोग करून घेतला तो बुऱ्हाणपूरने.

तापीकाठचे शहर

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण इतिहासात ते खानदेशचे मुख्य शहर. फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते वसवले आणि खुलताबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी वाट इथे सातपुडा ओलांडून तापीच्या मैदानात येते. वाटेवर पहारा देणारा अशीरगडचा किल्ला जवळच. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला, फारुकी राज्य संपले आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतल्या मोहिमांचे ठाणे बनले.

ठाणे म्हणजे केवळ सैन्य नव्हे. शाहजादे आणि सरदार, त्यांचे वाडे आणि बागा, घोडे, हत्ती, उंट, सुरतेकडे जाणारे व्यापारी तांडे, जरीकाम करणारे कारागीर अशी सगळी वस्ती आली. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये इथे शाहजादा परवेझच्या भेटीला आला होता. शहर मोठे, पण मोजकी घरे सोडली तर बाकी सगळी मातीची, असे त्याला दिसले. अशा वाढत्या गावाला बारमाही आणि स्वच्छ पाणी कसे पुरवायचे?

तापी तर गावाला लागूनच वाहते. पण तिचा काठ उंच, पाणी वर चढवायला माणसे आणि जनावरे लागत. पावसाळ्यात पाणी गढूळ, उन्हाळ्यात धार बारीक. शिवाय युद्धाच्या काळात उघड्या नदीचे पाणी शत्रूला सहज नासवता येते. लष्करी ठाण्याला ही चिंता मोठी असते.

त्या वेळी दख्खनची सुभेदारी अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्याकडे होती. हिंदी दोह्यांमुळे आपण त्यांना रहीम म्हणून ओळखतो. १६१५ च्या सुमारास त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या बाजूने, भूमिगत पाणीपुरवठ्याचे काम सुरू करवले. या कामाचा जाणकार म्हणून तबकुतुल अर्ज या इराणी माणसाचे नाव सांगितले जाते. अरबी भाषेत तबकात-उल-अर्ज या शब्दांचा अर्थ 'जमिनीचे थर' असा आहे आणि भूगर्भशास्त्रालाही तोच शब्द वापरतात. ते माणसाचे नाव असो वा विद्येवरून पडलेली ओळख असो, काम जमिनीचे थर ओळखणाऱ्याचे होते एवढे नक्की.

कुंड्या कशा चालतात

लालबागच्या बाजूला गेले की शेतांमधून जाणारी चुनेगच्ची कठड्यांची एक लांब रांग दिसते. प्रत्येक कठडा म्हणजे एका अरुंद, गोल विहिरीचे तोंड. हीच कुंडी. साधारण वीस-वीस मीटरवर एक अशा शंभराच्या आसपास कुंड्या आहेत, आणि त्या सगळ्या तळाशी एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. लोक याला कुंडी भंडारा म्हणतात, खूनी भंडाराही म्हणतात. पाण्याला लालसर छटा होती म्हणून 'खूनी' असे काही सांगतात, तर 'कुंडी'चाच तो अपभ्रंश असे दुसरे सांगतात. याखेरीज मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण असे इतर भंडारेही होते. पाणी जाळी करंज नावाच्या हौदात येई आणि तिथून नळांनी गावात फिरे. या साऱ्या वाटेवर मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच वजनाने वाहत येते.

ते कसे, हे एका सोप्या हिशेबाने मुलांना दाखवता येईल. समजा, डोंगराकडून गावाकडे जमीन दर किलोमीटरला १० मीटर उतरते. डोंगराच्या बाजूला २७ मीटर खोल विहीर घेतली आणि तिला पाणी लागले. आता तिच्या तळापासून गावाच्या दिशेने बोगदा खणायचा, पण त्याला उतार द्यायचा तो किलोमीटरला फक्त १ मीटर. जमीन १० मीटर खाली आली तेव्हा बोगदा १ मीटरच खाली आला. म्हणजे दर किलोमीटरला बोगदा जमिनीच्या पृष्ठभागाला ९ मीटर जवळ येतो. तीन किलोमीटरवर २७ मीटरचा फरक संपतो आणि पाणी उघड्यावर येते. (हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, बुऱ्हाणपूरची मोजमापे नव्हेत.) जमिनीचा उतार आणि बोगद्याचा उतार यांतला फरक हेच या यंत्राचे इंजिन.

मधल्या कुंड्या कशासाठी? खणताना माती वर काढायला, कामगारांना हवा मिळायला, बोगदा सरळ रेषेत जातो आहे हे पाहायला, आणि पुढे गाळ साफ करायला. बोगद्याच्या वरच्या भागात भिंतींतून पाणी झिरपून आत येते आणि वाटेतल्या प्रत्येक कुंडीत भर पडत जाते. पाणी जमिनीखालून येत असल्याने ऊन लागत नाही, बाष्पीभवन होत नाही आणि घाणही सहसा पडत नाही.

ही विद्या इराणातून आली. तिकडे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. इराणात कनाती जिथे जास्त आढळतात त्या जागा कशा आहेत? उघडा डोंगर, त्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचे उतरते पंखे आणि त्याखाली कोरडे मैदान. सातपुड्याच्या पायथ्याची घडण नेमकी अशीच आहे. इराणी जाणकाराने परका प्रदेश पाहिला, पण जमीन त्याच्या ओळखीची निघाली. कळा उचलून आणता येते; ती रुजते ती जमीन जुळली तरच.

दख्खनमध्ये अशी कामे इतरत्रही झाली. बिदरला नौबादची कारेझ बहमनी काळातली, पंधराव्या शतकातली. तिथे जांभा दगडातून झिरपलेले पाणी खालच्या कठीण थरावर अडते, त्याचा उपयोग केलेला आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी गाव वसवले, तेच पुढे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले. त्यानेही जमिनीखालून नहर-ए-अंबरी आणली. योगायोग असा की मलिक अंबर आणि खान-ए-खानान हे रणांगणावरचे शत्रू. त्याच दहा वर्षांत दोघांची सैन्ये एकमेकांशी झुंजत होती आणि दोघेही आपापल्या गावासाठी भूमिगत पाणी आणत होते.

या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा होता, हेही विसरू नये. राजवाडा, हमामखाना, बागा आणि सराया आधी. मग बाकीचे गाव. शेतीसाठी हे पाणी नव्हतेच. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात गुजरात आणि दख्खनमध्ये असंख्य माणसे मेली. त्या काळात शाहजहानचा मुक्काम बुऱ्हाणपुरातच होता. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली. कुंड्या गावाला पाणी देत होत्या, पण खेड्यांतला दुष्काळ निवारणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते.

उताराने घातलेली मर्यादा

कुंडी भंडाऱ्यात एक गुण असा आहे की जो बांधणाऱ्यांनी मुद्दाम ठेवला नसेल, पण तो रचनेतच आहे. बोगद्याच्या तळाखालचे पाणी कुंडी कधीच घेऊ शकत नाही. भूजलाची पातळी चढली की जास्त पाणी येते, उतरली की कमी, आणि तळाखाली गेली की धार थांबते. पुढच्या पावसाने पातळी वर आली की पुन्हा सुरू होते. म्हणजे डोंगर देईल त्यातला वरचा वाटा घ्यायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. असा नियम कोणा काझीला किंवा कोतवालाला घालावा लागला नाही. तो उतारानेच घातला होता.

मोटेची गोष्ट थोडीफार अशीच. बैल ओढतील तेवढीच मोट, आणि बैलांच्या धावेला जितकी जागा तितकीच विहिरीची खोली. पाणी फार खोल गेले की मोट परवडत नाही. शेतकऱ्याला थांबावेच लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदलले. आधी तेलावरची इंजिने आली, मग वीज आणि विजेच्या मोटारी. पुढे कूपनलिका खणणारी यंत्रे आणि पाण्यात बुडवून ठेवायचे पंप आले. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात केळीची लागवड वाढली होती. केळी वर्षभर शेतात उभी असते आणि तिला बारमाही पाणी लागते. पायथ्याच्या दगडगोट्यांतले पाणी मुबलक आणि गोड. बागा बहरल्या, गावे सधन झाली, सावद्याहून रेल्वेने केळी उत्तरेकडे जाऊ लागली. ही समृद्धी खरी आहे आणि ती कष्टाची आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण पंपाला तळ नसतो. पाणी खाली गेले की शेतकरी पाइप वाढवतो, तेही पुरले नाही की जास्त खोल कूपनलिका घेतो. खोल कूपनलिकेमुळे शेजाऱ्याची उथळ विहीर आटते, मग त्यालाही खोल जावे लागते. ज्याला खर्च झेपत नाही तो मागे पडतो. अशा रीतीने यावल आणि रावेर तालुक्यांतली भूजल पातळी वर्षानुवर्षे खाली जात राहिली आणि हे तालुके अतिशोषित गणले गेले. वर्षाला जितके मुरते त्याहून जास्त उपसले जाते, असा त्या शब्दाचा साधा अर्थ.

इथे एक प्रश्न पडतो. साठा एवढा मोठा असताना ही वेळ का यावी? उत्तर असे की साठा मोठा होता म्हणूनच. पुन्हा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जमिनीखाली भूजल पातळी १ मीटरने उतरली, तर त्यातून किती पाणी निघाले? जमीन आणि पाणी मिळून ती जागा १० लाख घनमीटर. त्यात सुटून येणारे पाणी दगडगोट्यांच्या थरात समजा १० टक्के धरले, तर १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर. कातळाच्या भागात हेच प्रमाण २ टक्के धरले, तर २ कोटी लिटर. म्हणजे सारखाच उपसा केला तर कातळातली विहीर पाच मीटर उतरेल आणि पायथ्याची एकच मीटर. कातळावरचा शेतकरी चार-पाच महिन्यांत सावध होतो, कारण त्याची विहीर त्याला उन्हाळ्यात बजावते. पायथ्याच्या शेतकऱ्याला इशारा मिळायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर बागा, कर्ज, बाजार सगळे त्या पाण्यावर उभे राहिलेले असते.

बुऱ्हाणपूरच्या कुंड्याही यातून सुटल्या नाहीत. पाण्यातला चुना बोगद्याच्या भिंतींवर बसून झिरपण्याच्या वाटा बुजत गेल्या, भोवती विहिरी आणि कूपनलिका झाल्या, डोंगरावरचे जंगल विरळ झाले. पूर्वीच्या मानाने प्रवाह पुष्कळ घटला आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट आहे. मात्र कठडे जपले आणि भोवतीची भूजल पातळी जपली नाही, तर उरेल ती नुसती इमारत.

परतफेड

उपसलेले पाणी जमिनीला परत द्यायचे प्रयत्नही याच पट्ट्यात झाले आहेत. केंद्रीय भूजल मंडळाने १९९० च्या दशकात यावल तालुक्यात पाझर तलाव आणि पुनर्भरणाची विवरे यांचे प्रयोग केले. या जमिनीत पाणी मुरते झपाट्याने, हे त्यांना अनुकूल होते. अडचण गाळाची. पुराबरोबर येणारी बारीक माती तलावाच्या तळाशी बसली की चाळणीची भोके बुजतात. दर उन्हाळ्यात तळ खरवडला नाही, तर पाझर तलाव काही वर्षांत नुसता तलाव होतो. कुंडी भंडाऱ्याच्या बाबतीतही साफसफाई थांबली की धार मंदावे. त्यात नवे काही नाही.

तापीचे पुराचे पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यांतून फिरवायचे आणि मुरवायचे, अशी महापुनर्भरणाची मोठी कल्पना बरीच वर्षे चर्चेत होती. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तिच्यासाठी भोपाळ येथे करार केला. खारिया-गुटीघाट येथे बंधारा आणि दोन्ही बाजूंनी कालवे असे तिचे स्वरूप आहे. चारशे वर्षांपूर्वी ज्या पट्ट्याने पाणी दिले, त्याच पट्ट्याला पाणी परत द्यायचे, असा हा उलटा प्रवास आहे. कल्पना भूशास्त्राला धरून आहे. परंतु भरणे वाढले म्हणून उपसाही वाढला, तर हिशेब होता तिथेच राहील. महाराष्ट्रात भूजलासाठी १९९३ चा आणि त्यानंतर २००९ चा असे दोन कायदे झाले. प्रत्येक विहिरीवर पहारा ठेवणे मात्र कोणत्याही सरकारला जमणारे नाही. किती पाणी मुरले आणि किती घेतले, हे गावाने स्वतः मोजले तरच मर्यादा पाळली जाईल. ठिबक सिंचन जळगाव जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पसरले आहे. त्याने झाडामागे पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर नवी बाग लावली, तर जमिनीच्या हाती काही उरत नाही.

वर्गात करून पाहा

तीन प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगा आणि तोंडाला कापड बांधा. एकीत खडी आणि भरड वाळू, दुसरीत बारीक वाळू, तिसरीत चिकणमाती सारख्याच उंचीपर्यंत भरा. प्रत्येकीत एकेक पेला पाणी ओता. खालून पहिला थेंब यायला किती वेळ लागला, दहा मिनिटांत किती पाणी आले आणि किती आतच राहिले, याची नोंद मुलांनी करावी. पायथा, मैदान आणि खारपाण पट्टा यांतला फरक त्यांना स्वतःच सांगता येईल.

दुसरा उपक्रम वर्षभराचा आहे. शाळेजवळची एखादी विहीर निवडा. दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एक तारखेला पाण्याची पातळी मोजा. तिच्याशेजारी त्या महिन्याचा पाऊस लिहा आणि आलेख काढा. पुढच्या वर्गातल्या मुलांनी तीच विहीर पुढे मोजावी. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की एक प्रश्न फळ्यावर लिहा : दर वर्षी पावसाळ्यानंतर पाणी गेल्या वर्षीइतकेच वर येते का?

उत्तर 'हो' असेल, तर ते गाव व्याजावर जगते आहे. 'नाही' असेल, तर मुलांनी काढलेला तो आलेख ग्रामसभेत नेऊन दाखवावा.